सोललेल्या सालीवरचा क्रूस

माझ्या वहिनीने देवाला वकील नेमलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसलो तो मी. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गावातलं दुसरं कोणीतरी तुम्हाला तिखटमीठ लावून सांगेल.

मी ओब्रेन. सर्बियातल्या आरिल्येच्या वरच्या डोंगरात माझी रास्पबेरीची बाग आहे. वय एकसष्ट, गुडघे ऐंशीचे, आणि माझी बायको कोसारा म्हणते त्याप्रमाणे डोकं अजून सतराचंच. थोरला भाऊ मिलुतिन चार वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको स्तामेना, म्हणजे माझी वहिनी, शेजारच्या घरात एकटी राहते. आमच्या दोन घरांमध्ये कुंपण कधीच नव्हतं. मध्ये होतं ते एक अक्रोडाचं झाड, आणि सगळा तंटा त्याच्यावरून झाला.

अक्रोडाच्या सावलीत रास्पबेरी टिकत नाही. कोंब नीट फुटतात, मे महिन्यापर्यंत तुम्हाला आशेवर ठेवतात आणि मग पानं पिवळी पाडून मोकळे होतात. माझ्या वरच्या तीन रांगा दरवर्षी अशाच जायच्या. मिलुतिन असेपर्यंत मी दात-ओठ खाऊन गप्प बसलो. मग या वर्षी मार्चमध्ये सरकारी मोजणीवाला आला, त्याने दोऱ्या ताणल्या, खुंट्या ठोकल्या आणि निघालं काय, तर अक्रोड माझ्या हद्दीत. दोन पावलं आत. मी तो नकाशा घेऊन तडक वहिनीकडे गेलो. ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"वहिनी, हा कागद बघ."

"चष्मा आत आहे. तूच सांग काय ते."

"झाड माझ्या जमिनीत आहे."

"बरं. मग?"

"मग काय? पाडणार."

तिने हातातले दाणे एकदम सगळेच टाकून दिले. कोंबड्यांची चैन झाली.

"मिलुतिनने लावलंय ते," ती म्हणाली.

"माहीत आहे. पण माझ्या तीन रांगा दरसाल मरतात, त्याचं काय? तुला वाटलं तर वकील कर. मोजणी पक्की आहे."

"वकील आहे मला."

"कोण? तो बाजारातला टकला?"

"देव."

मला हसू आवरेना. "असं का? मग त्याला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

"पत्ता तुला ठाऊक होता, ओब्रेन," ती म्हणाली. "हल्ली तू तिकडे फिरकत नाहीस, एवढंच." आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. हा किस्सा मीच मोठ्या ऐटीत गावातल्या कॅफेत सांगितला आणि तो माझ्यावरच उलटला. मी दिसलो की कोणीतरी ओरडायचं, "ओब्रेन, तुझ्या विरुद्ध बाजूचा वकील काल गडगडत होता रे! छत्री घेऊन फिर!" मी म्हणायचो, गडगडू दे, करवत माझ्याकडे आहे.

करवत खरं म्हणजे रादोयेकडे होती. रादोये आमचा लाकूडतोड्या. माणूस बैलासारखा दांडगा, पण भित्रा. मागच्या वर्षी खालच्या वाडीत त्याने चुकून भलतंच झाड पाडलं, तेव्हापासून त्याचा एक नियम झाला होता.

"मालकाने स्वतः खूण केल्याशिवाय मी करवत लावत नाही," तो म्हणाला. "छातीच्या उंचीवर, हातभर साल सोलून ठेव. पांढरं लाकूड दिसलं पाहिजे. शनिवारी येतो."

ती खूण मी मंगळवारी सकाळी केली. कुऱ्हाडीने साल सोलली, आतलं ओलं लाकूड दिसलं आणि अक्रोडाचा तो कडवट वास आला. खोटं कशाला बोलू, माझा हात थांबला. हे झाड लावलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मिलुतिनच्या लग्नाचा आठवडा होता. तो माती लोटत होता, रोप सरळ धरून मी उभा होतो, आणि नवी नवरी स्तामेना घागरीने पाणी घालत होती. आमची आई तेव्हा नुकतीच वारली होती. त्यानंतर माझे शर्ट कोणी धुतले आणि माझ्या ताटात काय पडलं, ते सगळं त्या घागरवालीच्याच हातचं. मी मान वर केली तर वहिनी खिडकीत उभी. तिने कुऱ्हाड पाहिली, सोललेली साल पाहिली, मला पाहिलं. मी मुद्दाम आणखी दोन घाव घातले आणि साल जरा जास्तच रुंद सोलली. माझा स्वभाव असा आहे, त्याला मी काय करू!

आता गंमत अशी की त्याच आठवड्यात, गुरुवारी, प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण होता. तो आमच्या गावाचा सण, आणि या वर्षी यजमान मी. त्या दिवशी सगळं गाव क्रूस आणि पताका घेऊन शिवेवरून फिरतं, आणि शेवटी गावाच्या राखणीच्या झाडाशी येतं. त्या झाडाच्या बुंध्यावर क्रूस कोरलेला असतो. फादर दरवर्षी तो नव्याने कोरतात, त्यावर तेल आणि वाइन ओततात, आणि देवाला सांगतात की गारपिटीपासून, आगीपासून, रोगराईपासून आम्हाला सांभाळ. राखतो देव, झाड ही त्याची चौकी. अशा झाडाला कोणी हात लावत नाही. वाळकी फांदी खाली पडली तरी सर्पणाला नेत नाहीत. अख्ख्या सर्बियात असा माणूस सापडणार नाही जो क्रूस कोरलेल्या झाडाला करवत लावेल.

आमचं जुनं राखणीचं झाड, दोनशे वर्षांचा ओक, जानेवारीत बर्फाच्या ओझ्याने आडवा झाला. मग बैठक बसली आणि ठरलं की यंदाच्या यजमानाने आपल्या जमिनीतलं एक झाड द्यावं. कुठलं ते त्याने ठरवावं. मी मनात खालच्या कुरणातला तरणा ओक धरून ठेवला होता. तिथेच जेवणाची टेबलं मांडायची होती. फादर गाव्रिलो आमच्याकडे नवे, शरदात आलेले. ते मला म्हणाले होते, "झाड तुम्ही निवडा, मला सांगायचीही गरज नाही. फक्त छातीच्या उंचीवर हातभर साल सोलून ठेवा, म्हणजे मला कोरायला बरं."

तुम्हाला कळलंच असेल. मला मात्र गुरुवार दुपारपर्यंत कळलं नाही.

कोसारा दिवसातून चारदा विचारायची, "त्या ओकचं काय झालं?" मी म्हणायचो, "होईल गं." पण तीन कोकरं सळईवर चढवायची होती, दीडशे माणसांची टेबलं लावायची होती, वाइन आणायची होती. साल सोलायचं काम मी आठवड्यात एकदा केलं होतं, त्यामुळे डोक्याने ते काम झालं असं धरलं. कुठल्या झाडाचं झालं, ते डोक्याने विचारलं नाही.

गुरुवारी ऊन लख्ख पडलं होतं. मी खाली कुरणात कोकरांच्या निखाऱ्याशी घामाघूम उभा होतो. वरच्या वाटेने मिरवणूक येताना ऐकू येत होती. "प्रभू, दया कर," म्हणत बायका गात होत्या, पोरी एकमेकींवर पाणी उडवत होत्या. गाणं जवळ आलं, अक्रोडापाशी आलं आणि थांबलं.

"थांबले का?" मी विचारलं.

"फादरच्या बुटात खडा गेला असेल," कोसारा म्हणाली. "तू ती सळई फिरव, कोकरू एका बाजूने करपतंय."

मी फिरवली. वर पुन्हा गाणं सुरू झालं, पण जागेवरच. मग शांतता. मग फादरांचा आवाज, राखणीची प्रार्थना म्हणणारा. ती प्रार्थना एकाच ठिकाणी म्हणतात. माझ्या हातातून सळईचा दांडा सुटला.

"ओब्रेन," कोसारा हळूच म्हणाली, "तू ओकची साल सोललीस ना?"

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. ऐंशीच्या गुडघ्यांनी चढण चढून मी धावत वर पोचलो, तोवर सगळं उरकलं होतं. अक्रोडाच्या बुंध्यावर, मी केलेल्या खुणेच्या बरोब्बर मध्ये, फादरांनी सुरेख क्रूस कोरला होता. त्यावरून तेल ओघळत होतं, वाइन मुळाशी मुरली होती, आणि गाव रांग लावून क्रुसाचं चुंबन घेत होतं.

मला पाहताच एकच गलका झाला. म्हातारी विदोसावा, जी गेली तीस वर्षं मला कंजूष म्हणत आली, माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "मला वाटायचं तू दगड आहेस रे! भावाचं झाड देवाला दिलंस! भांडण मिटवलंस! तेसुद्धा कोणाला न सांगता!"

"मी... ते..." मी म्हणालो.

"बघा, बोलवतही नाही त्याला!" ती सगळ्यांना ओरडून म्हणाली.

फादर गाव्रिलोंनी माझे दोन्ही हात धरले. तरुण माणूस, डोळे पाणावलेले. "लांबून पांढरी खूण दिसली आणि मी समजलो. खरं सांगू? वाटेत मी प्रार्थनाच करत होतो की या दोन घरांमधलं वैर मिटू दे."

रांगेत रादोयेही होता. त्याने टोपी काढली, क्रुसाचं चुंबन घेतलं आणि जाता जाता माझ्या कानात म्हणाला, "शनिवारचं विसर. आणि दुसरा कोणी शोधू नकोस, मी सगळ्यांना सांगून ठेवतो." वर डोळाही मारला. खूण कशाची होती हे गावात तिघांनाच माहीत होतं. एक मी, एक रादोये, आणि तिसरी वहिनी.

वहिनी सगळ्यांच्या मागे उभी होती. काळा रुमाल, हात पुढे धरलेले. मला वाटलं होतं ती जिंकल्यासारखी बघेल. ती काळजीने बघत होती, मी लहानपणी झाडावर चढलो की बघायची तशी. त्या बघण्याने मला आतून कुरतडायला सुरुवात केली.

जेवणं झाली. टेबलं कुरणातून उचलून अक्रोडाखाली आणली गेली, कारण आता राखणीचं झाड तेच. जो तो येऊन माझ्या पाठीवर थाप मारी आणि माझ्या नावाने राकियाचा, आमच्या घरगुती दारूचा, ग्लास उचली. एरवी मला स्तुती आवडते. त्या दिवशी एकेक थाप कोकराच्या हाडासारखी घशात अडकत होती.

शेवटी सणाच्या पावाची वेळ आली. गोल, मोठा, वर कणकेची कणसं काढलेला पाव. यंदाचा यजमान आणि पुढल्या वर्षीचा यजमान दोघांनी तो धरून फिरवायचा, मोडायचा आणि त्याचं चुंबन घ्यायचं. म्हणजे गावाचा भार एका घरातून दुसऱ्या घरात गेला.

"पुढचं वर्ष कोण घेतंय?" फादरांनी विचारलं.

सगळे ताटात बघू लागले. दीडशे माणसांचं जेवण, कोण पटकन हो म्हणणार?

"मी घेते," वहिनी म्हणाली.

"स्तामेना, एकटी बाईमाणूस तू, झेपेल का?" विदोसावाने विचारलं.

"झाड माझ्या खिडकीसमोर आहे. लांब जायचं नाही. झेपेल."

ती समोर येऊन उभी राहिली आणि पावाची दुसरी कड धरली. मार्चनंतर पहिल्यांदा आम्ही दोघं इतके जवळ उभे होतो. तिचे हात म्हातारे झाले होते, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. पाव फिरवायला सुरुवात झाली, आणि माझ्याने ते होईना. खोटी शाबासकी खिशात घालून या बाईबरोबर पाव मोडायचा? मी हात थांबवले.

"फादर, थांबा," मी म्हणालो. "ती साल मी क्रुसासाठी सोलली नव्हती."

"मग?"

"पाडण्यासाठी. रादोये शनिवारी करवत घेऊन येणार होता. तुमच्यासाठी ओकची साल सोलायची होती, ती मी विसरलो."

फादरांचं तोंड उघडंच राहिलं. मग मागून रादोये खिंकाळल्यासारखा हसला आणि सगळं गाव फुटलं. कोणी टेबलावर डोकं ठेवून हसत होतं, कोणी बाकावरून खाली. विदोसावा डोळे पुसत म्हणाली, "हां, आता हा माझ्या ओळखीचा ओब्रेन! मघाशी मला त्याच्या तब्येतीची काळजी वाटली होती!"

कॅफेतलं ते टोळकं ओरडलं, "अरे, विरुद्ध बाजूच्या वकिलाने पुरावा याच्याच हातून तयार करून घेतला!"

फादर बिचारे लालबुंद झाले. "आता काय करायचं?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "कोरलेला क्रूस मला पुसता येत नाही."

"पुसायला कोण सांगतंय?" मी म्हणालो. "राहू दे. खूण चांगल्या जागी आहे." आणि हे म्हणताना मला एकदम इतकं हलकं वाटलं की राकिया न पिता झिंग आली. दहा आठवडे मी त्या तीन रांगांचा राग पाठीवर वाहत होतो, आणि तो कोणीतरी खाली उतरवून घेतला होता. लाज वाटते सांगायला, पण माझे डोळे भरून आले.

आम्ही पाव फिरवला, मोडला. मोठा तुकडा तिच्याकडे गेला. चुंबन घ्यायला दोघं वाकलो तेव्हा मी हळूच म्हणालो, "जिंकलीस, वहिनी. मार्चपासून झाडासाठी देवाच्या मागे लागली होतीस."

"झाडासाठी?" तिने नवल केलं. "झाड गेलं असतं तर मी रडले असते आणि दुसरं लावलं असतं. मी तुझ्यासाठी मागत होते."

"माझ्यासाठी?"

"मिलुतिन गेला. माझं म्हणायला तू एकटा उरलास. झाड पाडल्यावर तू माझ्या दारात पुन्हा आला असतास? नसतास. लाजेने मेला असतास, पण आला नसतास. नऊ वर्षांचा असल्यापासून ओळखते मी तुला. म्हणून म्हटलं, देवा, याला याच्याच कुऱ्हाडीपासून वाचव. वकील मी तुला दिला होता, वेड्या."

दीडशे माणसं बघत होती, तरी मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिने माझ्या टकलावर एक टपली मारली.

"रोज संध्याकाळी," ती म्हणाली, "दहा आठवडे, गुडघ्यांवर. पुढच्या वेळी जरा लवकर शहाणा हो. माझ्या गुडघ्यांना आता इतका मोठा खटला झेपत नाही."

शनिवारी रादोये आला, पण करवत न आणता. वहिनीने आम्हा दोघांना मागल्या वर्षीच्या कोवळ्या अक्रोडाचा मुरांबा आणि थंड पाणी दिलं, आणि ऑक्टोबरात माझ्या तीन रांगा खालच्या कुरणात हलवायच्या असं ठरलं. तिथे ऊन जास्त आहे. हे मला आधी सुचायला हरकत नव्हती, असं कोसारा म्हणाली. आतापर्यंत तिने ते अकरा वेळा म्हटलं आहे.

रविवारी सकाळी मी स्वच्छ शर्ट घातला आणि बऱ्याच वर्षांनी चर्चची वाट धरली. वहिनी पुढच्या रांगेत उभी होती. मागे वळून न बघताच ती सरकली आणि माझ्यासाठी जागा केली. पत्ता बदललेला नव्हता.